कार्डाची पहिली नोंद

जालना जिल्ह्यात अंबडच्या रस्त्याला लागा, घनसावंगीकडे वळा किंवा भोकरदनचा माळ चढा. कपाशी, सोयाबीन आणि मोसंबीच्या मध्ये सौर पॅनेलचे निळेकाळे चौकोन हमखास दिसतात. २०२४च्या अखेरीस महावितरणने जाहीर केलेल्या जिल्हावार आकडेवारीत पंधरा हजारांहून अधिक सौर कृषिपंपांसह जालना राज्यात पहिला होता. त्याच्यामागे बीड, मग परभणी. वर्षभराने, ५ डिसेंबर २०२५ रोजी, एका महिन्यात ४५,९११ पंप बसवल्याबद्दल महावितरणचं नाव गिनीज विश्वविक्रमात गेलं आणि त्याचा सोहळाही शेजारच्या छत्रपती संभाजीनगरातच झाला. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के भरायचे. जमीन अडीच एकरांपर्यंत असेल तर ३ अश्वशक्तीचा पंप, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे साडेसात. पाच वर्षं दुरुस्तीची हमी.

पॅनेल किती वॅटची, पैसे भरूनही पंप कधी येणार, ठेकेदार कोण, यावर गावोगाव बोललं जातं. पॅनेलच्या खाली खांबाला अडकवलेल्या कंट्रोलरच्या डब्यात काय आहे, याबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. डबा बंद पडेपर्यंत त्याची गरजही वाटत नाही.

कंट्रोलरचं काम मोठं आहे. ढग आला-गेला की पॅनेलची वीज कमीजास्त होते. कोणत्या दाबाला पॅनेलमधून सर्वाधिक शक्ती निघेल हे तो क्षणाक्षणाला शोधतो आणि पॅनेलच्या एकदिश विजेपासून मोटरला चालेल असा प्रवाह घडवतो. विहीर उपसली गेली की मोटर थांबवतो. पंप किती वेळ चालला, किती वीज झाली, हे मोबाइलच्या नेटवर्कवरून दूरच्या सर्व्हरला कळवतो. या कळवण्याच्या यंत्रणेला सगळे आरएमएस म्हणतात. हे सगळं एका हिरव्या पाटीवर घडतं. इंजिनिअर तिला पीसीबी म्हणतात, दुरुस्ती करणारे कार्ड म्हणतात. कार्डावर शेकडो भाग बसवलेले असतात आणि प्रत्येक भागाचा प्रत्येक पाय सोल्डरच्या एका इवल्या जोडाने पाटीला धरलेला असतो.

कंट्रोलर बंद पडायला कारणं पुष्कळ. मृगाच्या तोंडावर वीज पडते, उंदीर केबल कुरतडतात, झाकणाचं रबर सुटून पाणी शिरतं. सोल्डरचा कच्चा जोड हे त्यांतलं फक्त एक. तरीही मी या लेखात त्याच्याच मागे जाणार आहे, कारण या एका कारणाचा माग कारखान्यात, कार्ड तयार होण्याच्या पहिल्या मिनिटापासून लागू शकतो. माग लावणारी यंत्रं कारखान्यात उभी असतात. त्यांनी मोजलेले आकडेही असतात. पण पहिल्या यंत्राने जे पाहिलं ते शेवटच्या यंत्राला सहसा कळतच नाही.

भाग कार्डावर चिकटवण्याच्या या पद्धतीला एसएमटी म्हणतात आणि यंत्रांच्या रांगेला एसएमटी लाइन. लाइनच्या तोंडाशी पेस्ट प्रिंटर असतो. सोल्डर पेस्ट म्हणजे राखाडी रंगाचं, लोण्यासारखं घट्ट मिश्रण: कथिलाच्या मिश्रधातूची अतिशय बारीक भुकटी आणि फ्लक्स, म्हणजे धातूचा पृष्ठभाग स्वच्छ करणारा चिकट पदार्थ. शिसं टाळायचं म्हणून सर्वत्र वापरात आलेल्या मिश्रधातूत ९६.५ टक्के कथिल, ३ टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबं असतं. हे सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळू लागतं. शिशाचं जुनं सोल्डर १८३ अंशांनाच वितळायचं. भुकटीचे कण साधारण २० ते ४५ मायक्रॉनचे. वजनात पेस्ट जवळजवळ नव्वद टक्के धातू असते, पण आकारमानात धातू निम्माच. म्हणजे पाटीवर पेस्टचा जेवढा ढीग दिसतो, त्याच्या निम्माच जोड भट्टीतून बाहेर येतो. पेस्ट फ्रिजमध्ये ठेवावी लागते आणि डबी उघडण्याआधी काही तास बाहेर काढून खोलीच्या तापमानाला आणावी लागते. घाई करून थंड डबी उघडली तर हवेतली ओल पेस्टमध्ये जाते आणि भट्टीत सोल्डरचे थेंब उडतात.

कार्डावर स्टेनलेस स्टीलचा पातळ पत्रा, म्हणजे स्टेन्सिल, टेकवतात. त्याला लेझरने हजारो भोकं पाडलेली असतात. स्क्वीजीचं पातं पत्र्यावरून पेस्ट ओढत नेतं, भोकं भरतात, पत्रा उचलला की प्रत्येक भोकाखाली पेस्टची एक चौकोनी वडी राहते. छपाई झाली. वाचायला सोपं, करायला फार कठीण. पत्रा ०.१२ मिलिमीटर जाडीचा आणि भोक अर्ध्या मिलिमीटरचं चौकोनी धरा. वडीचं आकारमान झालं ०.०३ घन मिलिमीटर. आता भोक पाव मिलिमीटरचं करा. पेस्टला खालच्या पाटीने धरून ठेवायचं क्षेत्र चौपट घटतं, भोकाच्या भिंतींचं क्षेत्र मात्र निम्म्यावरच येतं. पेस्ट पाटीला चिकटण्याऐवजी भिंतींना चिकटून पत्र्याबरोबर वर जाते. म्हणून तळाचं क्षेत्र भागिले भिंतींचं क्षेत्र ०.६६च्या खाली जाऊ देऊ नये, असा या धंद्यातला नियम आहे. आपल्या पाव मिलिमीटरच्या भोकाचं गुणोत्तर ०.५२ येतं. असं भोक एखाद्या दाट पायांच्या चिपखाली आलं की तिथली छपाई कायम धाकधुकीची.

छपाई बिघडण्याच्याही ठरावीक तऱ्हा आहेत. स्क्वीजी एका कार्डावर पुढे जाते, दुसऱ्या कार्डावर मागे येते. दोन्ही दिशांचा दाब किंचित वेगळा असेल तर एकाआड एक कार्डांवर पेस्ट कमी-जास्त पडते. ठरावीक कार्डांनंतर यंत्र पत्रा खालून पुसतं. पुसण्याआधीच्या कार्डांवर पेस्ट पसरट होते, पुसल्यानंतरच्या पहिल्या कार्डावर कोरडी. जेवणाच्या सुट्टीत लाइन थांबली की भोकांमधली पेस्ट वाळते आणि परतल्यावरची पहिली एकदोन कार्डं अर्धवट भरतात. लाइनवर काम केलेल्या माणसाला हे पाठ असतं. एसएमटीतले साठ-सत्तर टक्के दोष छपाईत जन्मतात, हे वाक्य या क्षेत्रात सर्रास ऐकू येतं. नेमका आकडा कारखान्यागणिक बदलणार, पण अनुभवी माणसं पहिला संशय प्रिंटरवर घेतात ते उगाच नाही.

म्हणून प्रिंटरच्या लगेच पुढे एसपीआय, म्हणजे छापलेली पेस्ट तपासणारं यंत्र, उभं असतं. हे यंत्र वडीवर पट्ट्यापट्ट्यांचा प्रकाश पाडतं. वडी उंच असेल तशा पट्ट्या वाकतात. त्या वाकण्यावरून उंची कळते. दक्षिण कोरियातली कोह यंग ही २००२ साली सुरू झालेली कंपनी मुख्यतः याच त्रिमितीय मोजणीवर मोठी झाली. एसपीआय प्रत्येक वडीचे आकडे देतं: आकारमान, उंची, क्षेत्रफळ, आडवी सरक, उभी सरक. शेजारच्या दोन वड्या एकमेकींना चिकटल्या आहेत का, तेही सांगतं. ठरवलेल्या आकारमानाच्या, समजा, ५० ते १५० टक्क्यांच्या आत वडी असेल तर कार्ड पास. नाही तर धुऊन पुन्हा छापायचं. इथे दोष सापडला तर खर्च जवळजवळ शून्य, कारण कार्डावर अजून एकही भाग चढलेला नाही.

पुढे भाग उचलून ठेवणारी यंत्रं, मग भट्टी. भट्टीत पेस्ट वितळते आणि वितळलेलं सोल्डर आपल्या पृष्ठताणाने हलका भाग ओढून जागेवर आणतं. थोडा वाकडा बसलेला भाग सरळ होतो. पण दोन टोकांना पेस्ट असमान असेल तर हाच ताण उलटतो आणि तांदळाच्या कणीएवढा भाग एका टोकावर उभा राहतो. कारखान्यात त्याला टूम्बस्टोन म्हणतात. भट्टीनंतर येतं एओआय, म्हणजे कॅमेऱ्याने होणारी स्वयंचलित तपासणी. भाग आहे का, उलटा बसला का, सरकला का, पायाशी सोल्डरचा उतार नीट चढला का, हे ते पाहतं. पोटाखाली जोड असलेल्या चिप्स त्याला दिसत नाहीत. त्यांना एक्स-रे लागतो.

खरी अडचण इथे सुरू होते. एओआय कडक ठेवलं तर ते चांगल्या जोडांवरही बोट ठेवतं. अशा खोट्या हाकेला फॉल्स कॉल म्हणतात. सैल ठेवलं तर खराब जोड निसटतो. त्याला एस्केप म्हणतात. एस्केपची भीती जास्त, म्हणून सगळे यंत्र कडक ठेवतात आणि निवाडा माणसावर सोडतात. एओआयच्या शेजारच्या रिव्ह्यू स्टेशनवर बहुतेक कारखान्यांत तरुण मुली बसलेल्या असतात. पडद्यावर जोडाचं मोठं केलेलं चित्र येतं, चांगला की वाईट, कळ दाबायची, पुढचं चित्र.

हे काम किती अन्यायाचं आहे, ते आकड्यांत पाहू. आकडे समजायला सोपे म्हणून धरलेले आहेत. एका कार्डावर १,००० जोड, दिवसाला २,००० कार्डं: २० लाख जोड. लाखात एक जोड खरोखर खराब: दिवसाला २०. एओआय हजारात एकदा खोटी हाक देतं: दिवसाला २,०००. त्या मुलीसमोर दिवसभरात सुमारे दोन हजार चित्रं येतील आणि त्यांत खरी वाईट वीस. शंभरात एक. नव्व्याण्णव वेळा 'चांगला' दाबल्यावर शंभराव्या वेळी बोट आपोआप तिकडेच जातं. पुढे ते कार्ड एखाद्या शेतात बंद पडलं की चूक 'ऑपरेटरची' ठरते. माझ्या मते दोष त्या मुलीचा मुळीच नाही. तिच्यासमोर पुराव्याशिवाय खटले उभे केले जातात.

पुरावा तर लाइनच्या तोंडाशी गोळा झालेला असतो. वरचेच वीस लाख जोड घ्या. एसपीआयच्या आकड्यांवरून त्यांचे दोन गट करा: पेस्ट मधोमध, नेहमीसारखी पडलेले १९ लाख, आणि पास झालेले पण मर्यादेच्या काठावरचे १ लाख. वीस खऱ्या दोषांपैकी निम्मे काठावरच्या गटातून येतात असं समजा. मग काठावरच्या गटात एओआयने ११० हाका दिल्या तर त्यांत १० खऱ्या: अकरात एक. दुसऱ्या गटात १,९१० हाकांमध्ये १० खऱ्या: एकशे एक्याण्णवांत एक. यंत्र तेच, चित्र तेच, संशयाचं वजन मात्र सतरा पट वेगळं. एओआयला जोडाची जन्मकथा ठाऊक नसते, म्हणून ते दोघांनाही एकच माप लावतं.

जालन्याच्या माणसाला ही गोष्ट बियाण्यावरून चटकन कळेल. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि बियाण्याचा धंदा या गावाच्या हाडात भिनला. प्रमाणित बियाण्याचा प्लॉट आधी उभ्या पिकात तपासला जातो: भेसळीची झाडं आहेत का, शेजारच्या पिकापासून अंतर ठेवलं आहे का. मग प्रक्रिया, मग प्रयोगशाळेत उगवणशक्ती. प्रयोगशाळेतलं रोप कितीही तजेलदार उगवलं तरी शेतात नापास झालेल्या प्लॉटचं बियाणं प्रमाणित होत नाही, कारण दोन्ही तपासण्यांची नोंद एकाच लॉटच्या नावावर असते. शेतातला तपासनीस जे पाहू शकतो ते प्रयोगशाळा पाहू शकत नाही, हे त्या पद्धतीत मान्य केलेलं आहे. कार्डाच्या लाइनवर हीच साखळी तुटलेली असते.

ती जोडता येते का, याची उघड परीक्षा २०२२ साली झाली. यंत्रांच्या बिघाडाचा अंदाज बांधण्याच्या शास्त्रावर काम करणाऱ्या युरोपीय पीएचएम सोसायटीची परिषद त्या जुलैत इटलीतल्या तुरिन इथे भरली. तिच्या निमित्ताने बिट्रॉन या इटालियन कंपनीच्या प्रत्यक्ष उत्पादन लाइनवरचे एसपीआय आणि एओआयचे आकडे जगभरातल्या संशोधकांपुढे स्पर्धेसाठी ठेवण्यात आले. प्रश्न तीन होते. फक्त पेस्टच्या आकड्यांवरून सांगा, एओआय या भागावर बोट ठेवेल का? पेस्ट आणि एओआय दोन्ही पाहून सांगा, पडताळणी करणारा माणूस काय म्हणेल? आणि शेवटी, दुरुस्तीच्या टेबलावर काय ठरेल: हाक खोटीच होती की कार्ड दुरुस्त होण्यापलीकडे गेलं?

या तीन प्रश्नांचा क्रमच मला फार मोलाचा वाटतो. सत्य एका पायरीवर कळत नाही, हे त्यात गृहीत आहे. यंत्राचं मत, माणसाचं मत आणि हातात सोल्डरिंग आयर्न घेऊन प्रत्यक्ष जोड उकलणाऱ्याचं मत, अशी चढती भाजणी. पहिला प्रश्न मुळातच अवघड होता, कारण एओआयच्या तक्रारींतल्या कितीतरी पेस्टशी संबंध नसलेल्या असतात. भाग उलटा बसला किंवा बसलाच नाही, तर पेस्टच्या वडीला ते कसं ठाऊक असणार? पेस्टच्या आकड्यांना एओआयच्या आकड्यांची जोड मिळाली की मगच चित्र उघडतं. दुसरी गोष्ट, एकट्या वडीचा आकडा फार बोलत नाही. त्या भागाच्या सगळ्या पायांचे आकडे, त्याच पाटीवरच्या इतर वड्या, आधीची कार्डं, हे शेजारी मांडलं की बोलायला लागतो. ८० टक्के पेस्ट वाईट नाही. पण एका टोकाला ८० आणि दुसऱ्याला १२५ असेल तर भाग उभा राहण्याची तयारी झालेली आहे. दोन्ही वड्या एसपीआयमध्ये पास होतात.

मोठे कारखाने या वाटेने गेले आहेत. सीमेन्सच्या जर्मनीतल्या आम्बेर्ग इथल्या कारखान्यात लाइनवरच्या प्रक्रियेचे आकडे शिकवून तयार केलेलं मॉडेल ठरवतं की कोणत्या कार्डाचा एक्स-रे काढायची गरज आहे. सीमेन्सच्या सांगण्यानुसार एक्स-रे तपासण्या त्यामुळे ३० टक्क्यांनी घटल्या. एसपीआयचे आकडे मागे प्रिंटरला पाठवून छपाईची सरक दुरुस्त करणं आणि पुढे भाग ठेवणाऱ्या यंत्राला पाठवून भाग पेस्टच्या मध्यावर ठेवायला लावणं, हेही आज मिळतं. यंत्रांनी एकमेकांशी एका भाषेत बोलावं म्हणून आयपीसी या उद्योगसंस्थेचं सीएफएक्स नावाचं प्रमाण २०१९ पासून आहे.

पण मला काळजी आहे ती आम्बेर्गची नाही. २०२२ साली केंद्राने पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावला ४९२.८५ कोटींच्या इलेक्ट्रॉनिक्स क्लस्टरला मंजुरी दिली. मार्च २०२५ मध्ये सुट्या भागांच्या निर्मितीसाठी २२,९१९ कोटींची योजना मंजूर झाली. मराठवाड्यातल्या पॉलिटेक्निक आणि आयटीआयमधली मुलं-मुली चाकण-रांजणगावच्या लाइनवर दिसतात. त्याआधीची पिढी छत्रपती संभाजीनगरजवळच्या चितेगावच्या व्हिडिओकॉनमध्ये हात बसवून तयार झाली होती. २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि ते कसब विखुरलं. मनुष्यबळ आहे, पैसाही येतो आहे. मधल्या आणि लहान कारखानदाराला मात्र वाटतं की हे 'एआय'चं काम म्हणजे परदेशी सॉफ्टवेअरचा परवाना आणि डेटा सायंटिस्टचा पगार. माझं मत वेगळं आहे. यातला ऐंशी टक्के त्रास नोंदवहीचा आहे.

प्रत्येक कार्डावर बारकोड हवा आणि तो एसपीआय व एओआय दोघांनीही वाचायला हवा. एकत्र छापायच्या एका मोठ्या पाटीवर आठ कार्डं असतील तर दोन्ही यंत्रांत त्यांचा क्रम एकच हवा. एकाने डावीकडून मोजायचं आणि दुसऱ्याने उजवीकडून, तर सगळी नोंद वाया. दोन्ही यंत्रांची घड्याळं जुळलेली हवीत. भागांची नावं दोन्हीकडे सारखी हवीत. आणि दुरुस्तीच्या टेबलावरच्या माणसाने काय आढळलं ते खरं लिहायला हवं. हे शेवटचं सर्वांत अवघड. 'रिवर्क' एवढा एकच शब्द सगळ्या खान्यांत लिहिला असेल तर जगातलं कोणतंही मॉडेल त्यातून काही शिकणार नाही. पेस्ट कमी होती, भाग उभा राहिला, पाय वाकला होता, हाक खोटी होती: एवढे चार-पाच पर्याय दिले आणि खोटं लिहायचं कारण, म्हणजे दोष वाढले म्हणून होणारा ओरडा, काढून टाकलं, तर काही महिन्यांत वापरण्याजोगा संग्रह तयार होतो.

मग पहिली पायरी अगदी साधी आहे. रिव्ह्यू स्टेशनच्या पडद्यावर जोडाच्या चित्राशेजारी त्याच जागेचं भट्टीआधीचं पेस्टचं चित्र आणि आकारमान दाखवा. मॉडेल नको, गणित नको. त्या मुलीला पुरावा द्या. दुसरी पायरी, हाकांचा क्रम बदला: पेस्ट काठावर होती त्या आधी, ताज्या डोळ्यांपुढे, आणि बाकीच्या नंतर. एवढं बसल्यावर तिसरी पायरी, मॉडेल शिकवणं. ते करणारी मुलं आपल्याच इंजिनिअरिंग कॉलेजांत आहेत; त्यांना शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी इंटरनेटवरची मांजर-कुत्र्यांची चित्रं देण्याऐवजी हे आकडे द्यावेत.

धोके खरे आहेत आणि ते लपवून उपयोग नाही. पेस्ट छान होती म्हणून एओआयने तिथे डोळे मिटले तर उलटा बसलेला डायोड सुखाने पुढे जाईल. पेस्टच्या आकड्याने फक्त सोल्डरच्या संशयाचं वजन बदलावं; भाग आहे-नाही, उलटा-सुलटा, या तपासण्यांना हात लावू नये. पेस्टची कंपनी बदलली, स्टेन्सिल नवा आला, पावसाळ्यात हवेतली ओल वाढली, की मॉडेलचं जुनं शहाणपण शिळं होतं. म्हणून ज्या हाका मॉडेल 'खोट्या' म्हणून बाजूला टाकतं, त्यांतल्या काही रोज चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात आणि माणसाने तपासाव्यात. आणि मालकाने खोट्या हाका कमी झाल्या म्हणून पहिल्याच महिन्यात रिव्ह्यू स्टेशनवरची माणसं कमी केली, तर ही पडताळणी करायलाच कुणी उरणार नाही.

सगळ्यांत मोठं भोक मात्र कारखान्याच्या बाहेर आहे. बिट्रॉनच्या आकड्यांसकट अशा प्रत्येक संग्रहात माणसाचं मत फक्त त्याच जोडांबद्दल असतं, ज्यांच्यावर एओआयने बोट ठेवलं. जे निसटले त्यांची नोंद कुठेच नाही. ते एस्केप कार्डाबरोबर ट्रकमध्ये चढतात आणि शेतात पोचतात. कार्डाची पाटी तापली की दर अंशाला दशलक्षात पंधरा भागांच्या आसपास पसरते, तिच्यावरचा सिरॅमिकचा भाग त्याच्या निम्म्यानेच. हा फरक मधल्या सोल्डरला सोसावा लागतो. जालन्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, बंद डब्यात त्याहून किती तरी जास्त, आणि पहाटे सगळं पुन्हा थंड. हमीच्या पाच वर्षांत ताण-सैल-ताण असे अठराशेहून अधिक फेरे. भरपूर सोल्डरचा जोड ते सोसतो. कमी पेस्टवर कसाबसा उभा राहिलेला, एओआयला सुबक दिसलेला जोड आधी तडकतो. तडकलेला जोडही थंडीत चिकटून असतो, दुपारी उघडतो. म्हणून पंप सकाळी चालतो, ऐन उन्हात थांबतो, आणि दुरुस्तीवाला संध्याकाळी येतो तेव्हा पुन्हा चालतो. दुरुस्तीवाले याला ड्राय सोल्डर म्हणतात. कार्ड बदललं जातं, जुनं पोत्यात जातं, पोतं गोदामात. त्या कार्डाच्या त्या जोडाखाली पहिल्या दिवशी किती पेस्ट पडली होती, हे कुणीच पाहत नाही.

पाहता येईल. जोडागणिक पाच आकडे, आकड्याला दहा बाइट धरले तर हजार जोडांच्या कार्डाची नोंद ५० किलोबाइटची होते. दिवसाला २,००० कार्डं म्हणजे १०० मेगाबाइट. वर्षाला ३०० दिवस, पाच वर्षं, मिळून १५० गिगाबाइट. चित्रं सोडून फक्त आकडे ठेवले तर हमीची पाच वर्षं बाजारात सहज मिळणाऱ्या एका हार्ड डिस्कमध्ये आरामात मावतात. कंट्रोलर कोणत्या तारखेला, दिवसाच्या कोणत्या वेळी थांबला, हे आरएमएस कळवतंच. दोन्ही टोकांची माहिती आहे. मधला दुवा आहे कार्डाचा अनुक्रमांक, आणि तो आज पोत्यात पडून राहतो.

म्हणून मागणी स्पष्ट करावी. राज्य सरकार आणि महावितरण सौरपंपांच्या निविदांमध्ये पॅनेलच्या कार्यक्षमतेच्या आणि हमीच्या अटी घालतात. त्यांतच आणखी दोन अटी घालाव्यात. कंट्रोलरच्या प्रत्येक कार्डाला स्वतंत्र अनुक्रमांक असावा आणि त्याची पेस्ट व अंतिम तपासणीची नोंद हमीचा काळ संपेपर्यंत उत्पादकाने जपावी. बदललेल्या प्रत्येक कार्डाचा अनुक्रमांक आणि सापडलेला दोष पुरवठादाराने उत्पादकाला परत कळवावा. राज्यात सर्वाधिक पंप बसवणाऱ्या यादीत वरच्या जागी असलेल्या जालन्याच्या लोकप्रतिनिधींनी हे मागितलं तर त्याला वजन येईल.

आणि हा लेख शिवारात वाचला जात असेल तर शेतकरी वाचकांना एक विनंती. कंट्रोलर दुरुस्त करायला माणूस आला आणि कार्ड बदललं, तर जुन्या आणि नव्या दोन्ही कार्डांच्या नंबरांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पंप दिवसाच्या कोणत्या वेळी थांबत होता ते तक्रारीत लिहा, आणि तक्रारीची पोच घेतल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नका.